उसना

शिरोलीहून पूल ओलांडून उचगावला घरी आलो,
नखांत अजून काळी वाळू,
तर संयोगिता वहीवर ओणवी.
सातशे तीन वजा दोनशे अडुसष्ट.
उत्तर पाचशे पासष्ट.
तीनातून आठ जात नाहीत,
म्हणून तिनं आठातून तीन काढले होते,
गुपचूप.

खोडलं. पुन्हा पाचशे पासष्ट.
खोडलं.
‘किती येळा सांगायचं?’ म्हणालो मी,
आणि हात टेबलावर पडला,
मला वाटलं त्यापेक्षा जोरात.
तिनं पुन्हा खोडलं, दात आवळून,
तर कागदाला भोक पडलं
आणि त्यातून पुढच्या पानावरचा
न सोडवलेला आठ
आमच्याकडे बघत राहिला.

असलं भोक मी ओळखतो.
पहिल्या वर्षी मी साचा ठासायचो
अंगातली सगळी रग काढून,
वरून ओतीव कसं गुळगुळीत,
लेथवर चढलं की आतून चाळण.
बाबालाल चाचांनी ते उजेडाकडे धरलं होतं.
‘लई ठासतोस लेका.
वाळूनं श्वास कुठनं घ्यायचा?’
आणि सायकलची एक तार दिली हातात,
साच्याला बारीक भोकं पाडायला,
रस ओतल्यावर कोंडलेली वाफ
जायला वाट असावी म्हणून.

मी खाली फरशीवर बसलो, तिच्याशेजारी.
म्हणालो, ‘आज माझी अकरा गेली.’
‘काय गेली?’
‘कास्टिंगं. साठातली अकरा.
सायबानं खडूनं फुली मारली.’
तिनं पहिल्यांदा मान वर केली.
‘मग वरडला तुला?’
‘वरडला की.’
‘मग तू रडलास?’
खोटं बोलावंसं वाटलं नाही.
‘एकदा रडलोय. लई जुनी गोष्ट.
आता वाळू चाळतो परत.’

ती बराच वेळ गप्प.
बाहेर कुणाची तरी म्हैस दावणीला अंग घासत होती.
मग खरा प्रश्न बाहेर आला,
जो इतके दिवस
खोडरबराखाली दडपला होता:
‘पप्पा, शेजाऱ्याकडनं उसना घ्या म्हणत्यात बाई.
पण शेजारी तर शून्य हाय.
त्याच्याकडंच काय न्हाई,
तर मागायचं कसं?’

मी हे तिला कधी विचारलंच नव्हतं,
की अडतंय कुठं.
मी फक्त ठासत होतो.

‘आपल्या घरात साखर संपली,’ मी म्हणालो,
‘तू शेवंता मावशीकडं गेलीस.
तिच्याकडंबी न्हाई. मग मावशी काय करती?’
‘पलीकडच्या घरातनं आणती. आणि आपल्याला देती.’
‘सगळी?’
‘न्हाई.’ ती हसली. ‘तिलाबी च्या लागतोय की.’

पेन्सिल हलली.
सातावर काट, सहा.
शून्याच्या डोक्यावर दहा.
तीनाचे तेरा.
खूप वेळानं उत्तर:
चारशे पंचेचाळीस.

चुकलं होतं.
माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं,
तार टोचून भोक पाडल्यागत
मधे थोडी जागा सोडली,
आणि म्हणालो, ‘ही चूक नवी हाय.
जुनी गेली.’
तिनं वहीकडं असं बघितलं,
जणू कोणी पाहुणा आलाय.
खोडलं नाही. तसंच ठेवून झोपली.

सकाळी पहिल्या पाळीला निघालो.
किक मारली, दोनदा नाही लागली,
तिसऱ्यांदा लागली,
तेवढ्यात ती दारात, एका हातात ब्रश,
तोंडात पेस्टचा फेस:
‘पप्पा! दहा न्हाईत!
त्यातला एक दिला की तिनं!
नऊ उरत्यात, नऊ!’

पूल उतरेपर्यंत मी तो नऊ
डब्याबरोबर जपून नेला.
त्या दिवशी साच्यांना
जरा जास्तच भोकं पाडली मी.
तरी चार गेलीच.